टॉवर डोंगराआड असताना फोनचे स्थान का चुकते आणि शोध कोठून सुरू करावा

तुम्ही लिहिले आहे की, गेल्या पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात वाट चुकलेल्या दोघा तरुणांच्या फोनचे स्थान तुमच्या पथकाला पोलिसांमार्फत मिळाले. ते शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या तीरावर दाखवले होते. पथक लाँचने पलीकडे गेले, अर्धा दिवस रान धुंडाळण्यात गेला, आणि शेवटी दोघेही अलीकडच्या तीरावरच्या एका घळीत, नकाशावरच्या ठिपक्यापासून जवळजवळ दीड किलोमीटर टॉवरच्या बाजूला सापडले. तुमचा प्रश्न असा आहे की, टॉवर सरळ दिसत नसताना फोनचे स्थान मुळात कसे काढतात, एवढी चूक का होते, आणि पुढच्या वेळी ती कमी करता येईल का.

मी गेली २२ वर्षे मोबाईल नेटवर्कच्या रेडिओ नियोजनाचे आणि ड्राइव्ह टेस्टचे (गाडीतून फिरून सिग्नल मोजण्याचे) काम करतो आहे, त्यातला मोठा काळ सातारा, पाटण, कराड आणि सांगली या पट्ट्यात गेला आहे. तुमच्या घटनेची मूळ मोजमापे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे नेमके काय घडले हे इथे बसून ठामपणे सांगणे योग्य होणार नाही. मात्र चूक ज्या दिशेने झाली, ती दिशा मला चांगली ओळखीची आहे. ठिपका पलीकडे आणि माणसे अलीकडे, हा योगायोग नसतो.

आधी तो ठिपका म्हणजे काय, हे पाहू. डोंगराळ भागात फोनला बहुधा एकाच टॉवरची रेंज असते. त्या टॉवरवर साधारणपणे तीन सेक्टर असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२० अंशांचा भाग येतो. फोन कोणत्या सेक्टरवर होता एवढे नोंदीतून नक्की कळते. दुसरी गोष्ट म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत ठरल्या वेळी पोहोचावा म्हणून टॉवर फोनला सांगत असतो की, तू इतका आधी बोलायला लाग. सिग्नल एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तेव्हा या आकड्यावरून अंतर निघते. जुन्या टू-जीमध्ये या आकड्याची एक पायरी सुमारे ५५० मीटरची असते, फोर-जीमध्ये सुमारे ७८ मीटरची. म्हणजे हाती येतो तो एक जाडसर चाप. चार किलोमीटर अंतरावर १२० अंशांच्या चापाची लांबी आठ किलोमीटरहून अधिक भरते. कोणीतरी त्या चापाच्या मध्यावर ठिपका ठेवते, कारण नकाशावर काहीतरी दाखवावे लागते. पुढे फोनाफोनीत चाप गळून जातो, ठिपका उरतो आणि पथक त्या ठिपक्याकडे निघते. म्हणून पहिली विनंती अशी की, पुढच्या वेळी ठिपका स्वीकारू नका. सेक्टरची दिशा, टायमिंग ॲडव्हान्सचा आकडा, फोर-जी की टू-जी, कोणता बँड (म्हणजे कोणत्या वारंवारतेचा सिग्नल) आणि मोजमापाची वेळ, एवढे विचारून घ्या. ही माहिती खासगी व्यक्तीला मिळत नाही आणि मिळूही नये. ती पोलिसांनीच मागायची असते. परंतु काय मागायचे हे तुम्ही त्यांना सांगू शकता. हा आकडा फोन टॉवरशी प्रत्यक्ष जोडलेला असतानाच ताजा असतो, हेही त्यांच्या कानावर घाला. कॉलच्या नेहमीच्या नोंदीत बहुधा फक्त सेलचा, म्हणजे टॉवरच्या त्या सेक्टरचा, क्रमांक असतो.

आता खरी अडचण. अंतर मोजताना दोन प्रकारच्या चुका होतात. एक चूक दोन्ही बाजूंना होते: कधी दहा मीटर जास्त, कधी दहा मीटर कमी. ती पुष्कळ वेळा मोजून सरासरी काढली की आटोक्यात येते. दुसरी चूक सरळ वाट अडल्याने होते आणि ती एकाच बाजूला होते. सिग्नल कड्यावर आपटून किंवा पाण्यावरून उसळून फोनपर्यंत आला, तर त्याने कापलेली वाट सरळ रेषेपेक्षा लांबच असणार, आखूड कधीच नसणार. मोजणीच्या साखळीची एक कडी गळालेली असेल, तर बांध शंभर वेळा मोजला तरी दर वेळी जास्तच भरतो. तसेच हे आहे. इथे सरासरी काहीही कामाची नाही. अडलेल्या वाटेवरचे मोजमाप खोटे नसते, पण ते अंतर म्हणून वाचायचे नसते. ती अंतराची वरची मर्यादा असते. फोन चापावर नाही, चापाच्या आत कुठेतरी आहे, एवढेच ते सांगते. चाप म्हणजे कुंपण. तुमचे पथक कुंपणावर शोधत राहिले आणि माणसे कुंपणाच्या आत होती, असे मला वाटते.

हे कागदावर पटायला सोपे आहे, पण मला ते पटले ते बामणोलीच्या बाजूला एका घळीत उभे राहून. आम्ही चाचणीचा फोन, हातातला जीपीएस आणि एक छोटी यागी अँटेना (एकाच दिशेचा सिग्नल चांगला पकडणारी) घेऊन गेलो होतो. टॉवर मागच्या पठारावर होता आणि मध्ये डोंगराची एक सोंड आडवी आली होती. नकाशावर सरळ अंतर २.९ किलोमीटर होते. घळीच्या तळाशी टायमिंग ॲडव्हान्सचा आकडा ५३ आला. ५३ गुणिले ७८ म्हणजे ४.१ किलोमीटर. सिग्नलची पातळी उणे ११२ डीबीएमच्या आसपास होती (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). कॉल लागत होता, पण अधूनमधून तुटत होता. मग यागी हातात धरून हळूहळू फिरवली. टॉवरच्या दिशेला धरली तेव्हा जवळजवळ काहीच मिळाले नाही. टॉवरकडे पाठ करून समोरच्या कातळकड्याकडे धरली, तेव्हा सिग्नल सर्वांत चांगला झाला. तो काळा कडा आमच्यापासून सुमारे सहाशे मीटरवर होता. टॉवरचा सिग्नल आमच्या डोक्यावरून कड्यापर्यंत जात होता आणि तिथून मागे फिरून आमच्याकडे येत होता: जाताना सहाशे, येताना सहाशे, एकूण बाराशे मीटरचा फरक. हिशेब जुळला. त्यानंतर आम्ही सोंडेवर चढलो. माथ्यावर येऊन टॉवरचा शेंडा दिसू लागताच आकडा ५३ वरून ३७ वर आला आणि पातळी उणे ८४ झाली. ३७ गुणिले ७८ म्हणजे २.९ किलोमीटर. मधल्या काळात आम्ही नकाशावर जेमतेम पन्नास मीटर सरकलो होतो.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट पाळत आलो आहे. मोजमाप हाती आले की आधी विचारायचे, हा सिग्नल डोंगराच्या धारेवरून वाकून आला की समोरच्या कड्यावर आपटून आला? डोंगराच्या धारेवरून वाकून येणारा सिग्नल फार क्षीण होतो, पण त्याची वाट थोडीच लांबते. आपटून आलेल्या सिग्नलची ताकद त्या मानाने बरी असते आणि वाट मात्र खूप लांबलेली असते. म्हणून क्षीण सिग्नलवर निघालेले अंतर पुष्कळदा बऱ्या सिग्नलवर निघालेल्या अंतरापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. नवख्या अभियंत्याला हे उलटे वाटते. बँडचाही इथे संबंध येतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल धारेवरून बऱ्यापैकी वाकतो, २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झचा फार कमी. एकाच जागेवरून दोन बँडांवर दोन अंतरे मिळाली, तर लहान अंतर धरावे. लहान अंतरसुद्धा वाढलेलेच असू शकते, पण खऱ्याच्या अधिक जवळचे असते.

एकाहून अधिक टॉवर ऐकू येत असतील तर काम पुष्कळ सोपे होते, आणि या विषयावरचे बहुतेक संशोधन त्याच परिस्थितीसाठी झालेले आहे. वायली आणि होल्ट्झमन यांनी १९९६ साली असे दाखवले की, चालत्या फोनचे अंतर काही वेळ नोंदवत राहिले, तर अडलेल्या वाटेवरची मोजमापे सरळ वाटेपेक्षा जास्त हेलकावे खातात. त्या हेलकाव्यावरून वाट अडली आहे हे ओळखता येते आणि चुकीचा बराचसा भाग वजाही करता येतो. शहरात, गाडीतल्या फोनसाठी ही युक्ती उत्तम आहे. पाय मुरगळून एका जागी बसलेल्या माणसाचा फोन मात्र हलत नाही. त्याची चूक तासन् तास तीच राहते आणि मोजमाप इतके स्थिर दिसते की पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसतो. म्हणून आपल्या कामात स्थिर आकडा दिसला म्हणून तो खरा मानू नये.

दुसरी पद्धत पी. सी. चेन यांनी १९९९ साली मांडली आणि ती मला अधिक उपयोगी पडली आहे. समजा चार टॉवरची अंतरे मिळाली. तीन-तीन टॉवरचे चार गट आणि चौघांचा एक गट, असे पाच गट होतात. प्रत्येक गटावरून स्थान काढायचे आणि त्या स्थानापासून त्या गटातल्या टॉवरची अंतरे मोजमापांशी किती जुळतात ते पाहायचे. ज्या गटात एखादे लांबलेले मोजमाप शिरले आहे, त्यात फरक मोठा उरतो. ज्या गटात ते नाही, त्यात लहान. मग फरक जेवढा लहान तेवढे त्या गटाच्या उत्तराला वजन जास्त द्यायचे. हे हाताने, नकाशा आणि कंपास घेऊनही करता येते. अट एकच आहे: सरळ वाटेचे टॉवर पुरेसे असले पाहिजेत. चारांपैकी तिघांच्या वाटा अडलेल्या असतील, तर चुकीचेच गट आपापसांत जुळून येऊ शकतात.

टॉवर कसे मांडलेले आहेत यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. पुणे–बंगळुरू महामार्गालगतचे टॉवर रस्त्याच्या रेषेत ओळीने उभे आहेत. अशा ओळीतल्या तीन टॉवरची वर्तुळे काढली, तर ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका ठिकाणी छेदतात आणि खरी बाजू कोणती हे अंतरांवरून कळत नाही. ते सेक्टरच्या दिशेवरूनच ठरवावे लागते. कोयनेच्या खोऱ्यात याच्या उलट होते. तिथे ओळ नाही, कारण टॉवरच मोजके आहेत.

मग एकच टॉवर असताना काय करायचे? इथे डोंगरच मदतीला येतो, आणि तुमच्या पथकासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीतून जमिनीच्या उंचीचा नकाशा तयार झाला. सुमारे ३० मीटरच्या चौकटींचा हा नकाशा विनामूल्य मिळतो. त्यावर टॉवरची जागा आणि उंची टाकली की, कोणत्या जागेवरून टॉवर दिसतो आणि कोणती जागा छायेत आहे, हे संगणकावर काही मिनिटांत रंगवता येते. आता विचार करा. फोनचा सिग्नल उणे ११० च्या खाली असेल आणि टॉवर काही किलोमीटरवरच असेल, तर तो माणूस उघड्या पठारावर नाही. तो छायेत आहे. म्हणजे चापाच्या आतला सगळा उघडा भाग बऱ्याच अंशी वगळता येतो. वाट अडलेली असणे ही अडचण तर आहेच, पण माणूस कुठे आहे याची ती साक्षही आहे. पुढे, छायेतल्या प्रत्येक घळीसाठी समोर परावर्तन करील असा कडा आहे का आणि त्या कड्यावरून येणारी वाट मोजलेल्या अंतराएवढी भरते का, हे तपासायचे. ज्या घळींत हिशेब बसतो त्या आधी शोधायच्या. ३० मीटरच्या चौकटीत अरुंद नाळ किंवा उभा कडा पुसट होतो, तेव्हा खोऱ्याची पायाखालची माहिती असलेला स्थानिक माणूस या वेळी शेजारी बसलेला हवा. मी हे काम अशा माणसाशिवाय करत नाही.

जे टॉवर ऐकू आले नाहीत, त्यांचीही साक्ष घ्यावी. समजा पलीकडच्या तीरावरच्या उतारांवर नेहमी दुसऱ्याच एका टॉवरची रेंज येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या तरुणांच्या फोनला तो टॉवर एकदाही ऐकू आला नसेल, तर ते पलीकडे नव्हते हे तेवढ्यावरूनही जवळजवळ ठरले असते. यासाठी पथकाने पावसाळ्यापूर्वी एकदा नेहमीच्या वाटा, घळी आणि धक्के चालून प्रत्येक ठिकाणी कोणता सेल, किती पातळी आणि कोणता बँड, हे नोंदवून ठेवावे. फोनवरची साधी विनामूल्य ॲप्स एवढे दाखवतात. अशी वही आमच्या महागड्या उपकरणांपेक्षा जास्त उपयोगी पडेल, असे मी मनापासून सांगतो.

या नोंदवहीच्या पद्धतीला ठशांची पद्धत म्हणता येईल. बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली ती इमारतीच्या आत वायरलेस जाळ्यासाठी वापरून दाखवली होती: आधी प्रत्येक जागेचा सिग्नलचा ठसा नोंदवायचा, मग फोनचा ठसा कोणत्या जागेशी जुळतो ते पाहायचे. तिला सरळ वाटेची गरजच नसते, कारण परावर्तनासकट जे काही येते तोच ठसा असतो. तिची दुबळी बाजू मी सांगली जिल्ह्यातल्या एका बेदाण्याच्या शीतगृहात पाहिली. रिकाम्या गाळ्यांत घेतलेले ठसे हंगामात बॉक्स छतापर्यंत रचल्यावर मुळीच जुळेनात आणि सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. डोंगरात कडे जागचे हलत नाहीत, पण पावसाळ्यातली दाट ओली झाडी पातळी बरीच खाली आणते. म्हणून नोंदी पावसाळ्यातही एकदा तपासून घ्या, आणि पातळीच्या नेमक्या आकड्यापेक्षा कोणते सेल ऐकू येतात यावर अधिक भर ठेवा.

फाइव्ह-जी आल्यावर हा प्रश्न सुटेल का, असेही तुम्ही विचारले आहे. काही ठिकाणी सुटेल, तुमच्या खोऱ्यात इतक्यात नाही. सिग्नलने व्यापलेला वारंवारतेचा पट्टा जितका रुंद, तितक्या जवळजवळ आलेल्या दोन वाटा वेगळ्या ओळखता येतात. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाटांच्या लांबीत साधारण १५ मीटरचा फरक लागतो, फाइव्ह-जीच्या १०० मेगाहर्ट्झमध्ये सुमारे ३ मीटरचा. त्यामुळे सरळ वाटेचा क्षीण सिग्नल आधी आला आणि परावर्तित जोरकस सिग्नल मागून आला, तर पहिला पकडता येतो. शिवाय २०२० साली पूर्ण झालेल्या, मोबाईल नेटवर्कच्या आंतरराष्ट्रीय (थ्री-जीपीपी) मानकाच्या सोळाव्या आवृत्तीत अनेक टॉवरशी येण्या-जाण्याचा वेळ मोजण्याची आणि सिग्नलचा कोन मोजण्याची सोय आहे. पण या सगळ्यासाठी पहिला सिग्नल क्षीण का होईना, पोहोचायला हवा. मध्ये दोनशे मीटर बेसॉल्ट असेल, तर सरळ वाटेने काहीच येत नाही आणि पट्टा कितीही रुंद असला तरी जे आलेच नाही ते वेगळे काढता येत नाही. शहरात, भिंतीआड, ही सुधारणा मोठी आहे. घळीत फारशी नाही.

जीपीएसबद्दलही सांगतो, कारण घळीतसुद्धा डोक्यावरचे आकाश बहुधा उघडे असते. फोनला स्वतःचे स्थान काढायला इंटरनेट किंवा रेंज लागत नाही. इंटरनेटची मदत नसेल तर वेळ मात्र जास्त लागतो. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि मधेच सिग्नल तुटला तर फोनला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून अडकलेल्याशी संपर्क झाला तर त्याला सांगा की, फोन खिशात न ठेवता आकाशाकडे तोंड करून दगडावर काही मिनिटे स्थिर ठेव, आणि दिसलेले अक्षांश-रेखांश एसएमएसने पाठव. क्षणभर रेंज आली तरी एसएमएस निघून जातो, तेवढ्यात कॉल टिकत नाही. घळीत जीपीएसलाही कड्याच्या परावर्तनाचा त्रास होतो, पण ती चूक बहुधा दहा मीटरपासून शंभर मीटरपर्यंतची असते, किलोमीटरची नसते.

यागी अँटेना घ्यावी का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आधी नोंदवही आणि छायानकाशा तयार करा. अँटेना नंतर, आणि तीही सिग्नल कोणत्या कड्यावरून येतो हे शिकण्यासाठी. गेल्या वर्षीच्या घटनेतील सेक्टरची दिशा, टायमिंग ॲडव्हान्स आणि बँड पोलिसांकडून मिळू शकले, तर तेवढे आकडे इथे लिहा. त्या दोघांची नावे किंवा फोन क्रमांक लिहू नका, त्यांची गरज नाही. ते सापडले ती घळ तुम्हाला ठाऊकच आहे. तिथून समोरचा कडा किती मीटरवर आहे हे नकाशावर मोजून कळवलेत, तर ते दीड किलोमीटर कोठून आले हे आपल्याला आकड्यांनिशी तपासता येईल.